एका घडीची गोष्ट

खोकल्याला आपल्याकडे फारसा मान नाही. ताप आला तर घरातली माणसं कपाळावर हात ठेवून बघतात, पोट दुखलं तर ओवा चावायला देतात. पण खोकला म्हटलं, की होईल बरा, एवढ्यावर विषय संपतो. आडुळशाचा काढा, आल्याचा रस आणि मध, हळद घातलेलं दूध, गालात धरलेली ज्येष्ठमधाची काडी, या पहारेकऱ्यांवर आपला मोठा विश्वास. जुन्या वाड्यांतून तर खाकरणं हा वडीलधाऱ्या पुरुषांचा अधिकारच होता. दारात खाकरण्याचा आवाज आला की आतल्या सुना पदर सावरायच्या. असा हा घरोब्याचा आजार. त्याला आजार म्हणायलाही आपण तयार नसतो.

पण हाच खोकला आठ आठवडे उलटले तरी हटेना, की डॉक्टर त्याला जुनाट खोकला म्हणतात आणि मग शोध सुरू होतो. आपल्या देशात पहिली शंका क्षयाची. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासून घ्यावी, हे सरकारी दवाखान्यांत सांगितलं जातं आणि ते योग्यच आहे. त्यानंतर दमा, नाकातून घशात उतरणारा स्राव, विडी-सिगारेट, रक्तदाबाच्या काही गोळ्या असे एकेक संशयित उभे केले जातात. हे सगळे निर्दोष सुटले आणि खोकला तसाच राहिला, तर मग ज्याच्यावर कुणाचाच संशय गेलेला नसतो असा एक जण सापडतो. तो छातीत राहतच नाही, पोटात राहतो. जठरातलं आम्ल उलट्या दिशेने अन्ननलिकेत चढतं आणि त्यापायी माणूस खोकत बसतो. पुष्कळांना तर छातीत जळजळही होत नाही. नुसताच खोकला.

माझ्या वाट्याला असाच खोकला आला. पस्तीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरच्या आतल्या बाजूला. कादंबऱ्या लिहायच्या त्या सुट्टीच्या दिवशी. निवृत्तीनंतर दिवस मोकळे झाले आणि तेव्हाच हा पाहुणा मुक्कामाला आला. रात्री पाठ टेकली की सुरू, जेवणानंतर बोलायला लागलं की सुरू. एका वाचनालयाच्या कार्यक्रमात माझ्याच कादंबरीतलं प्रकरण वाचायला घेतलं आणि दीड पानावर थांबलो. उरलेलं ग्रंथपालबाईंनी वाचलं, आणि माझ्यापेक्षा बरं वाचलं. घरात पत्नी काही न बोलता पलीकडच्या खोलीत झोपायला गेली. तिने तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं. गोळ्या झाल्या, रात्रीचं जेवण साडेसातला आलं, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आल्या. तपासण्यांचं सत्र संपल्यावर सर्जननी एका कागदावर अन्ननलिका आणि जठर यांचं चित्र काढलं आणि त्याखाली ऑपरेशनचं नाव लिहिलं : निसेन फंडोप्लिकेशन. घाई नाही, पंधरा दिवस विचार करा, असं सांगून कागद माझ्या हातात दिला.

बँकेतल्या माणसाला कागदावर सही कुणाची आहे, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. ज्याच्या नावावर आपलं पोट उघडायचं, तो निसेन कोण होता? त्या पंधरा दिवसांत मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं. सर्जनमंडळी जे नाव दिवसातून दहादा घेतात, त्या नावामागे असं आयुष्य असेल, याची मला कल्पना नव्हती. तेच आज वाचकांना सांगायचं आहे.

रुडॉल्फ निसेन यांचा जन्म ५ सप्टेंबर १८९६ चा, सायलेशिया प्रांतातल्या नायसे या गावातला. हे गाव तेव्हा जर्मनीत होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव निसा आहे. घर ज्यू, वडील गावातले सर्जन. मुलगाही त्याच वाटेने निघाला होता, तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. निसेन जर्मन सैन्याच्या वैद्यकीय तुकडीत दाखल झाले आणि आघाडीवर त्यांच्या फुप्फुसाला गोळी लागली. जीव वाचला, पण त्या जखमेने त्यांना पुढे अनेक वर्षं त्रास दिला. श्वास म्हणजे काय चीज आहे, हे या माणसाने पुस्तकात वाचण्याआधी स्वतःच्या छातीत अनुभवलं होतं.

युद्ध संपलं, शिक्षण पुरं झालं. फ्रायबुर्गला लुडविग आशॉफ या मोठ्या विकृतिशास्त्रज्ञांच्या हाताखाली काही काळ काम करून १९२१ मध्ये निसेन म्युनिकला फर्डिनांड साउअरब्रुख यांच्याकडे गेले. साउअरब्रुख म्हणजे त्या काळातलं युरोपातलं सर्वांत दबदब्याचं शल्यपीठ. कर्तबगार आणि तितकेच तापट. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस फुग्यासारखं मिटून जातं, म्हणून सर्जन छातीला हात लावायला धजत नसत. १९०४ मध्ये साउअरब्रुख यांनी कमी दाबाच्या बंद पेटीत रोग्याचं धड आणि बाहेर डोकं, अशी युक्ती काढून ही अडचण दूर केली होती. अशा गुरूच्या हाताखाली निसेन बारा वर्षं राहिले. १९२७ मध्ये गुरू बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात गेले, तेव्हा शिष्यही बरोबर गेला.

बर्लिनमध्ये १९३१ साली निसेन यांच्यापुढे बारा वर्षांची एक मुलगी आली. अपघातात छाती चेंगरलेली, डावं फुप्फुस कायमचं सडलेलं. एक अख्खं फुप्फुस काढून टाकल्यावर माणूस जगतो, असं तोवर कुणी दाखवून दिलं नव्हतं. निसेन यांनी छाती उघडली आणि मुलीचं हृदय थांबलं. ते परत सुरू झालं, पण ऑपरेशन तिथेच सोडावं लागलं. दुसरा कुणी असता तर पुन्हा त्या वाटेला गेला नसता. निसेन दोन आठवडे थांबले, पुन्हा छाती उघडली आणि फुप्फुसाच्या देठाला रबरी नळीचा फास घालून जखम मोकळी ठेवली. रक्तपुरवठा तुटलेलं फुप्फुस आणखी काही दिवसांनी देठापासून सुटून आलं. मुलगी बरी झाली. एक फुप्फुस पूर्ण काढूनही रोगी वाचल्याची ही पहिली नोंद. वय अवघं पस्तीस, गुरूंचा उजवा हात, पुढच्या मोठ्या खुर्चीचा सरळ रस्ता समोर.

आणि १९३३ साल उजाडलं. जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. १ एप्रिलला ज्यू दुकानदार, वकील, डॉक्टर यांच्यावर देशभर बहिष्कार पुकारला गेला आणि आठवडाभरात ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला. या कायद्यात एक पळवाट होती. महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना त्यातून सूट होती. निसेन यांच्या छातीतच त्या सुटीचा दाखला होता. त्यांनी तो वापरला नाही. जिथे आपण कुणाच्या मेहेरबानीवर राहायचं, तिथे राहायचंच कशाला, असा सरळ विचार करून त्यांनी देश सोडला. आपण नोकरदार माणसं. नोकरी, पगार, बढती यांच्यासाठी माणसं काय काय गिळतात, हे मी पस्तीस वर्षं जवळून पाहिलं आहे. त्यामुळे आयुष्यातल्या या एका निर्णयापाशी मी बराच वेळ थबकलो.

त्याच वेळी तुर्कस्तानात वेगळंच काही घडत होतं. केमाल अतातुर्क यांच्या राजवटीने जुनं विद्यापीठ बंद करून १९३३ मध्ये नवं इस्तंबूल विद्यापीठ उभं केलं होतं आणि त्यांना प्राध्यापक हवे होते. जर्मनीतून हाकललेले प्राध्यापक झुरिकमध्ये एकत्र आले होते. फिलिप श्वार्ट्झ नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाने या दोन गरजांची गाठ घालून दिली. निसेन इस्तंबूलच्या जेर्राहपाशा रुग्णालयात शल्यविभागाचे प्रमुख झाले. जेर्राह म्हणजे शस्त्रवैद्य. उर्दूतला जर्राह तो हाच. शेकडो वर्षांपूर्वी वजीर झालेल्या एका शस्त्रवैद्याच्या नावाच्या त्या वस्तीत हा बेघर सर्जन येऊन स्थिरावला. सुरुवातीला व्याख्यान जर्मनमध्ये, शेजारी दुभाषा उभा. साधनं थोडी, रोगी अफाट. तिथे त्यांनी तरुण तुर्की सर्जनांची एक पिढी तयार केली.

आपल्या गोष्टीतली खरी घडी इथे पडते. एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण त्यांच्याकडे आला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला खोल व्रण, त्यातून रक्तस्राव. निसेन यांनी तो खालचा भाग कापून काढला आणि उरलेली अन्ननलिका जठराला जोडली. हा सांधा म्हणजे सर्जनच्या जिवाला घोर. तो गळला तर रोगी हाती लागत नाही. म्हणून त्यांनी एक खबरदारी घेतली. पोटात अन्नाची नळी बसवताना जठराची भिंत नळीभोवती दुमडून शिवण्याची विट्झेल या सर्जनची जुनी रीत होती. तिच्या धर्तीवर निसेन यांनी जठराचा वरचा भाग सांध्याभोवती दुमडून घेतला आणि टाके घातले. हेतू एवढाच, की सांधा झाकला जावा. रोगी बरा होऊन घरी गेला.

इथे शरीराची थोडी रचना सांगायला हवी. आपण गिळलेला घास अन्ननलिकेतून उतरतो, छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाच्या भोकातून खाली जातो आणि जठरात पडतो. जिथे नळी संपते आणि पिशवी सुरू होते, तिथे एक स्नायूचं कडं असतं. घास आला की ते सैल होतं, गेला की आवळतं. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसायची सवय आहे, अन्ननलिकेला नाही. हे कडं ढिलं पडलं किंवा श्वासपटलाच्या भोकातून जठराचा भाग वर सरकला, की आम्ल वर येतं. इस्तंबूलच्या त्या तरुणाचं तर कडंच कापून काढलेलं होतं. अशा ऑपरेशननंतर रोग्याला आयुष्यभर जळजळ ठरलेली. पण अनेक वर्षांनी या रोग्याची चौकशी झाली, तेव्हा त्याला तसला काही त्रासच नव्हता. का नव्हता? निसेन यांच्या लक्षात आलं की सांधा झाकण्यासाठी घातलेल्या त्या दुमडीने दाराचं काम केलं होतं. जी खबरदारी एका कारणासाठी घेतली, ती दुसऱ्याच कारणाला उपयोगी पडली होती.

मला या सगळ्या चरित्रातली मोठी गोष्ट ही वाटते. ऑपरेशन यशस्वी झालं, रोगी चालत घरी गेला, खातं बंद झालं, असं त्यांनी मानलं नाही. जुन्या रोग्याचं पुढे काय झालं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मधल्या काळात युद्ध झालं, देश बदलले, तरी तो एक तरुण त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

देश बदलले, ते असे. १९३९ मध्ये निसेन अमेरिकेत गेले. इस्तंबूलमधला विभागप्रमुख बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये संशोधक म्हणून पुन्हा खालच्या पायरीवर उभा राहिला. पुढे न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन ज्यूइश हॉस्पिटल आणि मायमोनिडीज हॉस्पिटल इथे त्यांचा जम बसला. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांच्यासारखाच जर्मनीतून बाहेर पडलेला एक रोगी त्यांच्या टेबलावर आला. त्याचं नाव अल्बर्ट आइन्स्टाइन. पोट उघडलं तर मुख्य रोहिणीला मोठ्या मोसंबीएवढा फुगा आलेला. तो कापून बदलण्याची सोय तेव्हा नव्हती. निसेन यांनी फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं; आपण भेटवस्तूंवर गुंडाळतो तोच पारदर्शक कागद. त्याने आजूबाजूचा भाग चेतवला जाऊन घट्ट तंतू तयार होतात आणि पातळ झालेल्या भिंतीला आधार मिळतो. आइन्स्टाइन त्या आधारावर सहा वर्षांहून अधिक काळ जगले. एप्रिल १९५५ मध्ये तो फुगा फुटला, तेव्हा त्यांनी पुन्हा ऑपरेशन करून घ्यायला नकार दिला.

निसेन तोवर युरोपात परतले होते, पण जर्मनीत नव्हे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाने त्यांना शल्यविद्येचं अध्यासन दिलं. त्या काळात आम्लाच्या त्रासावर इंग्लंडच्या फिलिप अ‍ॅलिसन यांचं ऑपरेशन चाललं होतं. वर सरकलेलं जठर खाली ओढून श्वासपटलाचं भोक शिवायचं, अशी ती पद्धत. कागदावर ती बिनचूक होती. पण शिवलेलं पुन्हा उसवत असे. याच अ‍ॅलिसन यांनी १९७३ मध्ये आपल्या वीस वर्षांच्या रोग्यांचा हिशेब जाहीर केला आणि जवळपास निम्म्यांचा बिघाड परतल्याचं प्रांजळपणे छापलं. असे ताळेबंद छापायला धैर्य लागतं.

१९५५ मध्ये बाझेलला एक मध्यमवयीन बाई आल्या. आम्लाने अन्ननलिका सोलवटलेली, पण जठर वर सरकलेलं नाही. म्हणजे शिवायला भोकच नाही. निसेन यांना इस्तंबूलचा तरुण आठवला. काहीही कापायचं नाही. जठराचा वरचा घुमटासारखा भाग अन्ननलिकेच्या मागून ओढून पुढे आणायचा आणि गळ्याभोवती मफलर गुंडाळावा तसा तिच्या खालच्या टोकाभोवती पूर्ण गुंडाळून टाके घालायचे, असं त्यांनी केलं. जेवण झालं, जठर भरलं, त्यात दाब वाढला की तोच दाब या मफलरमध्येही वाढतो आणि नळी बाहेरून दाबली जाते. म्हणजे आम्ल जितकं वर यायला बघेल, तितकं दार घट्ट. बाई बऱ्या झाल्या, आणखी एका रोग्यावरही गुण आला आणि १९५६ मध्ये एका स्विस वैद्यकीय नियतकालिकात निसेन यांनी या साध्या ऑपरेशनची माहिती अवघ्या तीन पानांत दिली. जठराच्या त्या घुमटाला फंडस म्हणतात आणि घडी घालण्याला प्लिकेशन. माझ्या कागदावरचं नाव ते हेच.

आता या सगळ्याचा खोकल्याशी संबंध काय? दोन वाटा आहेत. वर चढलेलं आम्ल कधीकधी घशापर्यंत येतं आणि त्याचे बारीक थेंब श्वासनलिकेत उतरतात, विशेषतः झोपेत. ही सरळ वाट. दुसरी वाट मज्जातंतूंची. गर्भात असताना अन्ननलिका आणि श्वासनलिका एकाच नळीतून फुटतात आणि व्हेगस हा एकच मज्जातंतू दोन्हींकडच्या खबरा मेंदूला पोहोचवतो. आम्ल अन्ननलिकेच्या तळालाच लागलं तरी मेंदूला वाटतं की श्वासाच्या वाटेत काही अडकलं, आणि तो खोकला काढतो. चाळीत एका घराची बेल दाबावी आणि शेजारच्याने दार उघडावं, तसा हा प्रकार.

१९८८ मध्ये ओमेप्राझोल हे औषध बाजारात आलं आणि वाटलं की आता सुरीचं काम संपलं. ही गोळी आम्ल तयार होणंच कमी करते. छातीतली जळजळ तिने झकास थांबते. पण ती ढिलं दार घट्ट करत नाही. जठरातला ऐवज वर येतच राहतो, फक्त त्याचा आंबटपणा कमी होतो. काहींचा खोकला एवढ्याने थांबत नाही. १९९१ मध्ये बेल्जियममधल्या बर्नार्ड डालमान्य यांनी दुर्बिणीतून हीच घडी घातल्याचं प्रसिद्ध केलं आणि वीतभर छेदाच्या जागी चार-पाच बारीक भोकं आली. घडीही बदलली. मूळची जवळपास सहा सेंटिमीटर लांबीची घट्ट गुंडाळी पुढच्या सर्जननी दीड-दोन सेंटिमीटरची आणि सैल केली, कारण घट्ट घडीने घास अडकतो, ढेकर येत नाही, पोट फुगतं. काही जण तर पूर्ण वेढा न देता अर्धा-पाऊणच देतात.

पण वाचकहो, इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. या ऑपरेशनने छातीतली जळजळ थांबण्याची जेवढी खात्री, तेवढी खोकला थांबण्याची नाही. कारण खोकला आणि आम्ल एकाच माणसात असले, म्हणजे एकामुळेच दुसरा असतो असं नाही. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यात नुसत्या खोकल्यासाठी ऑपरेशन सुचवण्याआधी आम्ल खरोखरच प्रमाणाबाहेर चढतं हे मोजून सिद्ध झालेलं असावं, अन्ननलिकेची घास ढकलण्याची ताकद नीट असावी आणि औषध-पथ्य आधी करून झालेलं असावं, असं म्हटलं आहे. मोजणीत आम्ल प्रमाणात निघालं तर ऑपरेशन करू नये, हेही त्यात स्पष्ट आहे.

ही मोजणी कशी असते, ते माझ्यावर झालं म्हणून सांगतो. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात. तिचं दुसरं टोक कमरेच्या डबीला. चोवीस तास घरी जायचं, नेहमीसारखं जेवायचं, झोपायचं, आणि खोकला आला की डबीचं बटण दाबायचं, वेळ लिहून ठेवायची. शेजारच्या मुलांनी मला अंतराळवीर ठरवलं. दुसऱ्या दिवशी संगणकावर दोन नोंदी शेजारी शेजारी आल्या : आम्ल कधी चढलं आणि मी कधी खोकलो. एका वहीतल्या रकमा दुसरीशी ताडून पाहण्यात माझं आयुष्य गेलेलं. पाहता पाहता कळलं की ताळा जमतो आहे. बहुतेक वेळा आधी आम्ल, मागोमाग खोकला.

माझ्याच शाखेतले एक जुने सहकारी त्याच सुमारास खोकत होते. माझं ऐकून तेही त्याच सर्जनकडे गेले. त्यांची मोजणी निर्मळ निघाली. सर्जननी त्यांना चक्क परत पाठवलं, आणि चौकशीत लक्षात आलं की त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचाच तो प्रताप. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, काही आठवड्यांत खोकला गेला. त्यांच्या पोटात ती घडी घातली असती तर कोरडा खोकला तसाच राहून वर ढेकरही बंद झाला असता.

मी होकार दिला. त्यात निसेन यांच्या चरित्राचा वाटा किती आणि त्या दोन रांगांच्या ताळ्याचा किती, ते सांगता येणार नाही. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस फक्त पातळ पदार्थ, मग मऊ भात, खिचडी, फोडणीचं ताक. भाकरी महिनाभर गळ्याखाली उतरेना. पाव तर त्याहून वाईट. पंगतीत जेवून दणदणीत ढेकर देण्याचं सुख गेलं, ते अजून पुरतं परतलेलं नाही. खोकला लगेच थांबला नाही. तो हळूहळू पातळ होत गेला, आणि तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पत्नी उशी घेऊन परत या खोलीत आली. थंडीच्या दिवसांत आजही कधी तरी चार-दोन ठसके येतात. काहींची घडी वर्षांनी सैल पडते, पुन्हा गोळ्या घ्याव्या लागतात, हे मला आधीच सांगितलेलं आहे.

निसेन १९६७ मध्ये बाझेलच्या अध्यासनावरून निवृत्त झाले. १९६९ मध्ये त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. त्याच्या नावाचा अर्थ उजळ पानं, काळोखी पानं असा होतो. शेवटची वर्षं त्यांनी बाझेलजवळच्या रीहेन या गावात काढली. हे गाव जर्मनीच्या सीमेला अगदी लागून आहे. ज्या देशासाठी छातीत गोळी घेतली आणि ज्याने आपल्याला नको म्हटलं, तो देश तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. तिथेच २२ जानेवारी १९८१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं. दुर्बिणीतून त्यांची घडी घातली गेली, ती त्यानंतर दहा वर्षांनी. ते त्यांनी पाहिलं नाही.

त्यांच्या हातून एक फुप्फुस काढलं गेलं, ते आज ऐतिहासिक नोंदीत आहे. आइन्स्टाइनचं ऑपरेशन चरित्रांत आहे. पण रोज जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत ज्या कारणाने त्यांचं नाव घेतलं जातं, त्याचं मूळ इस्तंबूलच्या एका सामान्य रोग्यात आहे. तो बरा होऊन घरी गेला, आणि त्याच्यावर ऑपरेशन करणाऱ्या माणसाने पुढे कित्येक वर्षांनी, तो आता कसा आहे, हे विचारलं.